चिंचेनं घासलेली बॅटरी

माझी गाडी जुनी आहे आणि मीही. दोघींपैकी आधी कोण बंद पडणार यावर आमच्या घरात उघड बोललं जातं. त्याचं मला काही वाटत नाही. पण मुलगा गाडीचं नाव आधी घेतो ते प्रेमाने नाही, तर त्याला तिची जागा हवी असते म्हणून.

नेरूळच्या गावठाणात आमचं घर आहे. खाली मी, वर मुलगा आणि सून, आणि शेजारच्या घरात माझी धाकटी जाऊ. मध्ये अंगण आहे. एका बाजूला मोरी, दुसऱ्या बाजूला रस्ता, आणि दोन्हींच्या मधे एकच गाडी मावते. तिथे माझी लाल गाडी उभी असते. मुलाची नवीकोरी काळी गाडी बाहेर रस्त्यावर धूळ खात असते आणि तो रोज सकाळी ती पुसताना माझ्या गाडीकडे बघतो.

ही लाल गाडी आमच्या मालकांची. त्यांनी घेतली तेव्हाच ती कोणीतरी वापरून टाकलेली होती. ते गेल्यावर चावी खिळ्याला टांगून राहिली. मुलगा म्हणाला, विकू. मी म्हटलं, शिकू. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण रस्त्यावरच्या पाट्या काही चौथीच्या पुढच्या नसतात. गाडी शिकवणारा पहिल्या दिवशी म्हणाला, "आजी, या वयात?" मी म्हटलं, "तू रस्ता दाखव, वय मी बघते." परीक्षेत पास झाले त्या दिवशी मी त्याला पेढे दिले नाहीत. त्याने खूप ओरडाआरडा केला होता. घरी येऊन मी आणि जावेनेच पेढे खाल्ले.

जावेबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळं तिच्यामुळेच झालं. ती धवलारीण आहे. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात हळद लावताना, तेल चढवताना, मांडव घालताना जी गाणी म्हणायची असतात त्यांना धवले म्हणतात, आणि ती जिला तोंडपाठ असतात ती धवलारीण. पूर्वी तिच्याशिवाय हळदीला हात लागत नसे. आता डीजे असतो. तरी काही घरं अजून तिला बोलावतात, आणि बोलावलं की ती दहा वर्षांनी लहान होते. माझ्याशी ती वीस वर्षांपासून एसीवरून भांडते आहे. तिचं म्हणणं, एसीने गळा बसतो. म्हणून ती मुलाच्या गाडीत पाय ठेवत नाही. माझ्या गाडीला एसी होता, तो मालकांच्या काळातच मेला. त्या एका कारणासाठी जाऊ माझ्या गाडीला देवी मानते.

तर नावड्याला माझ्या नणंदेच्या नातीची हळद होती आणि जावेला धवल्यांचं आवतण होतं. जायचं माझ्या गाडीने, हे ठरलेलंच होतं. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी मी चावी फिरवली तर गाडी 'टक्' एवढंच बोलली. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

मुलगा दात घासत खाली आला. त्याने बॉनेट उघडलं आणि असा आवाज काढला की मला वाटलं आत उंदीर मेला आहे. उंदीर नव्हता. बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर काहीतरी फुललं होतं. पांढरं, मधेच निळं, मधेच हिरवट. पावसाळ्यात पापडांना बुरशी येते तसं, पण त्याहून देखणं.

"बघ," मुलगा म्हणाला. "सडली."

"फुललीये," मी म्हटलं.

"आई, मस्करी नको. हायवेवर बंद पडली तर कोण येणार? मी ऑफिसात बसून तुझं टेन्शन घेऊ?"

"तुला कोणी सांगितलंय घ्यायला?"

तोंडातला फेस मोरीत थुंकून त्याने पैज लावली. म्हणाला, "असं करू. हळदीला ही गाडी तू स्वतः चालवत नावड्याला नेलीस तर मी या गाडीबद्दल पुन्हा एक शब्द बोलणार नाही. नाही नेलीस, तर चावी माझ्या हातात आणि गाडी भंगारात."

"चालेल," मी म्हटलं.

वरून सून ओरडली, "मी ऐकलंय हां!"

कोणाच्या बाजूने ऐकलंय ते तिने सांगितलं नाही. हुशार आहे.

आता गाडी गेली की माझं काय जाणार होतं, ते स्पष्ट सांगते. वाशीला जायचं तर "मला आज वेळ नाही" ऐकायचं. डॉक्टरकडे जायचं तर सुनेच्या सुट्टीची वाट बघायची. बाजारात चिंबोऱ्या चांगल्या आल्यात असं कळलं तरी घरात बसायचं. मला ते नको होतं. एवढंच.

मुलगा ऑफिसला गेला तेव्हा जाऊ अंगणात बसून हळदीची भांडी घासत होती. नणंदेकडे द्यायचं पितळेचं घंगाळ, तांब्या, परात, सगळं काढलं होतं. तिने मान लांब करून बॉनेटमध्ये पाहिलं.

"आगो, ही तं कळकलीये," ती म्हणाली.

"बॅटरी आहे ती. परात नव्हे."

"धातूच हाय ना? धातूला कलक चढतो. चिंचेनं जातो. तुना कवा कललंय काय?"

आणि मला ते पटलं. अजूनही सांगते, कोणत्याही बाईला पटलं असतं. हिरवं चढलेलं पितळ आपण आयुष्यभर चिंच आणि मीठ लावून लखलखीत केलेलं असतं. इथेही हिरवंच चढलं होतं. गाडी आमच्या घराकडे तोंड करून उभी होती. आम्ही घराकडे पाठ करून बॉनेटशी उभ्या राहिलो. मी तांब्यातून पाणी ओतत होते, ती चिंचेचा गोळा आणि काथ्या घेऊन घासत होती. घासता घासता तिला हळदीचा सराव करायचा होता. खुंट्यांपैकी एकीच्या बुडाशी लाल वायर, दुसरीच्या बुडाशी काळी. लालला तिने नवरी केलं, काळीला नवरा. आधी नवरीला चिंच लावायची, मग नवऱ्याला, आणि मधे मधे धवला. नवरा घासताना म्हणायची, "याचा बापूस पन असाच काला व्हता."

मी हसून तांब्या सांडला. शेजारची बाई गच्चीवरून विचारत होती, "काय चाललंय?" जाऊ म्हणाली, "गारीची हलद!"

अर्ध्या तासात दोन्ही खुंट्या चांदीसारख्या झाल्या. गाडी चालू झाली. अगदी पहिल्या फटक्यात. आम्ही दोघी तशाच ओल्या हातांनी बसलो आणि वाशीपर्यंत जाऊन आलो. काही काम नव्हतं. जावेने वाटेत भेटेल त्याला सांगितलं की चिंचेने गाडी चालू होते. एका रिक्षावाल्याने सिग्नलला ते इतकं मन लावून ऐकलं की मागच्यांनी हॉर्न वाजवले.

तो आनंद फार टिकला नाही. हळदीला थोडेच दिवस उरले असताना गाडी पुन्हा टक् म्हणाली. बॉनेट उघडलं, तर पहिल्यापेक्षा दुप्पट फुललं होतं, आणि नवरीच्या वायरीचा खुंटीवर आवळलेला कान अर्धा खाल्ला गेला होता. मुलगा त्या दिवशी नुसता शिट्टी वाजवत गेला. ती शिट्टी मला शिवीपेक्षा लागली.

मी रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. आडवा, गोलमटोल माणूस, सगळ्या गावाशी ओळख. तो वाकला, हुंगला, सरळ उभा राहिला, पुन्हा हुंगला.

"मावशी, आंबट वास कसला येतोय?"

मी जावेकडे पाहिलं. जाऊ मोरीकडे बघत होती.

"चिंच," मी म्हटलं.

"चिंच?"

"आणि मीठ."

तो खाली बसला. टायरला टेकून, तोंडावर रुमाल धरून हसला. मग म्हणाला, "मावशी, आत ॲसिड असतं. त्याचाच धूर बाहेर येऊन हे फुलतं. तुम्ही आंबटावर आंबट घातलंत. वर मीठ. आता फक्त वाटण घालायचं राहिलं, आमटी झाली असती."

"मंग काय घालायचं?" जाऊ चिडून म्हणाली.

"खायचा सोडा. कोमट पाण्यात."

"ढोकल्याला घालतान तोच?"

"तोच. आणि हाताने नाय घासायचं. हाताला काय झालं तर नाय ना?"

जावेने हात पदराखाली घेतला. तिची बोटं दोन दिवस चुरचुरत होती आणि ती मला सांगत होती की नव्या हळदीने झालंय.

घरात सोडा होता. गॅरेजवाल्याने रबरी हातमोजे घातले. आधी काळी वायर सोडवली, मग लाल. म्हणाला, काढताना काळी आधी, लावताना लाल आधी, एवढं लक्षात ठेवा, आणि लोखंडी पाना दोन्हीला एकदम लागू द्यायचा नाही, भडका उडतो. मग सोड्याचं पाणी ओतलं. काय फसफसलं ते! लहान पोरांनी टाळ्या वाजवाव्यात तसं आम्ही बघत होतो. सगळी निळी बुरशी फेस होऊन वाहून गेली. जुन्या टूथब्रशने त्याने कानाकोपरे घासले, साध्या पाण्याने धुतलं, कोरडं केलं. नवरीच्या वायरीला नवा कान बसवला.

मग मीटर लावला आणि त्याचं हसू गेलं.

"वरून साफ झाली. पण आतून संपलीये, मावशी. ही बाजू बघा. पोट फुगलंय. नवीन घ्यावी लागेल."

"पोट तं तुजं पन फुगलंय," जाऊ म्हणाली. "तुना कोन टाकतंय का भंगारात?"

तो म्हणाला, बायको रोज टाकते. त्याने नवी बॅटरी आणून देतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आणायची मी, बसवायची तू. माझ्या गाडीत काय बसणार ते मला न बघता कोणी ठरवायचं नाही. जुनी बॅटरी जड होती, ती तो नंतर स्कूटरवरून दुकानात टाकणार होता. गाडीचं नाव आणि साल त्याने मला तोंडी सांगितलं आणि म्हणाला, एवढं सांगितलं की दुकानदार बरोबर देतो.

मी आणि जाऊ रिक्षाने नेरूळ स्टेशनकडच्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत एसी. जाऊ दारातच थांबली. "मी हितूनच बगतंय," म्हणाली आणि दार धरून उभी राहिली. दुकानदाराचा सगळा थंडावा रस्त्यावर जात होता. तो तोंडदेखलं हसला.

"या आजी. गाडी कोणती?"

मी सांगितलं. त्याने आधी एक मोठी बॅटरी दाखवली. म्हणाला, ही पॉवरफुल, टेप वाजवा, लाइट लावा, काही करा. मी विचारलं, माझ्या गाडीतल्या खणात बसेल का? म्हणाला, थोडी ॲडजस्ट करू. माझ्या लग्नात मला असाच एक ब्लाउज ॲडजस्ट करून दिला होता. मी म्हटलं, मोठी नको. गाडीच्या कंपनीने जेवढी दिली होती तेवढीच दाखव.

मग त्याने विचारलं, पाणी घालायची की बिनपाण्याची? पाणी घालायची म्हणजे झाकणं उघडून मधूनमधून बाटलीतलं शुद्ध पाणी भरायचं. बिनपाण्याची म्हणजे बंद डबा, बघायलाच नको. मी बिनपाण्याची म्हटलं. आयुष्यभर घरातल्या सगळ्यांना वेळच्या वेळी पाणी दिलं, आता आणखी एकाला नको.

त्याने मागच्या फळीवरून एक उतरवली. मी तिच्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"ही कधीची?"

"नवीन आहे आजी. सील पॅक."

"सील माझ्या डोळ्यांवर नाही. कधी बनली ते विचारते."

"आजी, बॅटरी आहे ही. बोंबील नाहीये ताजा बघायला."

"बोंबील शिळा असला तर एक दिवस पोट बिघडतं. ही शिळी असली तर माझी चावी जाते. तारीख दाखव."

मला बॅटरीतलं काही कळत नव्हतं, हे खरं. पण बाजारात माझी एकच पद्धत आहे. जे बाहेरून कळत नाही ते कधी आलं एवढं विचारायचं. विकणारा डोळे कुठे फिरवतो त्यावरून पुढचं समजतं. याने डोळे फळीकडे फिरवले. मग कबूल केलं, की फळीवर पडून पडून बॅटरीही उतरते, आणि ही जरा जास्त पडून आहे. आत गेला आणि खोक्यातली दुसरी घेऊन आला. बाजूला महिना आणि वर्ष ठोकलेलं होतं. ते मी चष्मा लावून वाचलं. नुकतीच बनलेली होती. गॅरंटीच्या कार्डावर आजची तारीख आणि दुकानाचा शिक्का मी माझ्यासमोर मारून घेतला. मग भाव केला. तो आमच्या दोघांतच राहू दे. तो रडवेला झाला एवढं सांगते.

तो खोकं बांधायला लागला तेव्हा दारातून जाऊ ओरडली, "थांब!"

एसी विसरून ती आत आली. बॅटरीच्या समोर उभी राहिली, कंबरेत वाकली, हातात चिंच असल्यासारखा हात हलवला आणि पुटपुटत एक धवला म्हणाली. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, थांब, ती काहीतरी आठवते आहे.

"ही नाय," जाऊ म्हणाली.

"काय झालं आता?"

"नवरी चुकीच्या अंगाला हाय."

"कोण नवरी?" दुकानदार.

मला कळलं. मी त्याला खोकं काढायला लावलं. बॅटरी अशी ठेवली की दोन्ही खुंट्या आमच्या पोटाकडे, जशा अंगणात होत्या तशा. घराकडे पाठ. म्हणजे मोरी डाव्या हाताला, रस्ता उजव्या हाताला. आणि जाऊ म्हणत होती की चिंच लावताना नवरी मोरीकडे होती. पक्कं. कारण नवरीला चिंच लावून झाली की डाव्या हाताने चोथा मोरीत फेकायला सोपं जात होतं आणि नवऱ्याच्या वेळी तिला अंग वळवावं लागत होतं. म्हणजे लाल डावीकडे हवी. या बॅटरीवर अधिकचं चिन्ह उजवीकडे होतं.

"आजी, त्याने काय फरक पडतो?" दुकानदार म्हणाला. "फिरवून बसवायची."

"फिरवली तर खुंट्या पलीकडे जातील. वायर तेवढी लांब आहे का?"

त्याने मोबाइल काढून काहीतरी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "तुमच्या गाडीला लेफ्टवाली लागते. दोन्ही प्रकार येतात. सॉरी."

"नवरीला रस्त्यावर उभी करत व्हता," जाऊ मला मोठ्याने म्हणाली. "माना खाली घालून घरी आलो असतो."

त्याने डावी काढून दिली. तीही तारीख बघून. जाताना त्याने विचारलं, तुम्ही गाणं कसलं म्हणत होता? जाऊ म्हणाली, लग्नाला बोलाव, मग सांगते. त्याचं लग्न झालेलं होतं. ती म्हणाली, मग मुलाच्या.

हळदीच्या दिवशी सकाळी गॅरेजवाल्याने बॅटरी बसवली. खणात घट्ट बसली, पट्टी आवळली, लाल आधी, काळी नंतर, दोन्हीवर पांढऱ्या जेलीचं बोट. म्हणाला, आता कलक चढणार नाही, चढलाच तर सोडा. तेवढ्यात जाऊ ताट घेऊन आली. हळद, कुंकू, आणि फोडायला नारळ. तो दोन्ही हात पसरून बॅटरीसमोर आडवा उभा राहिला.

"वर काय टाकायचं नाय! नारळाचं पाणी तर अजिबात नाय!"

"नवी हाय ती. हलदीबिगर?"

"बॉनेट बंद करतो, मग करा काय करायचं ते."

त्याने खरंच बॉनेट बंद केलं आणि वर हात ठेवून उभा राहिला. जावेने लाल पत्र्यावर हळदीची पाच बोटं ओढली, नारळ चाकापुढे फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याच्याच तोंडात घातला, बोलणं बंद व्हावं म्हणून.

मुलगा वर गॅलरीत उभा होता. तोंडात ब्रश तसाच. मी बसले. चावी फिरवली.

चालू झाली. असा दाणकन आवाज की मोरीवरची मांजर उडाली. सुनेने वरून टाळी वाजवली. तेव्हा कळलं ती कोणाच्या बाजूने होती.

दुपारी आम्ही निघालो. मी, जाऊ, आणि मागे गावातल्या आणखी दोन धवलारणी. खिडक्या सगळ्या उघड्या. हायवेला लागलो तशा त्या तिघी गायला लागल्या. कळंबोलीच्या वळणाला मोठे ट्रक होते, एक ट्रकवाला आमच्याकडे वाकून बघत होता. जावेने त्याला आशीर्वाद दिला. मी हळूच चालवत होते. मागून हॉर्न वाजले तर वाजले. घाई असेल त्याने उडून जावं. नावड्याच्या पाटीजवळ वळले तेव्हा माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि गाल हसून दुखत होते.

मी गाडी मांडवामागच्या गल्लीत लावली, एका टेम्पोच्या शेजारी. मुलगा आणि सून त्यांच्या थंड गाडीतून आमच्या आधी पोचले होते. मला उतरताना बघून मुलगा म्हणाला, "आलीस." मी म्हटलं, "आले." पैज संपली असं मला वाटलं.

खरं तर ती उन्हं उतरता उतरता संपली. शेजारचा टेम्पो डीजेचा होता. तो मांडवाच्या तोंडाशी आणायचा होता आणि चालू होत नव्हता. कोणीतरी दिवसभर त्याचे दिवे जळत ठेवले होते. बॅटरी बसली होती. डीजेवाला कपाळाला हात लावून बसला. सगळ्या गाड्या एकमेकींना खेटून लागलेल्या, टेम्पोपर्यंत वायर पोचेल अशी एकच गाडी होती. मुलगा गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला.

"आई," तो म्हणाला, "चावी दे."

"कशाला? मी तर आले नावड्याला."

"डीजेच्या टेम्पोला तुझ्या बॅटरीवरून चालू करायचंय. वायर आहे माझ्याकडे."

"तुझ्या गाडीने कर."

"ती आत अडकलीये. आणि तिच्यात कॉम्प्युटर आहे, बिघडला तर?"

मी मांडवात बघितलं. नवरीला पाटावर बसवलं होतं आणि जाऊ हळदीची वाटी हातात घेऊन उभी होती. मागे दोघी धवलारणी. मागच्या तीन हळदींत तिला डीजेने अर्ध्यात गप्प केलं होतं.

"देते," मी म्हटलं. "धवले पुरे झाले की."

"आई, पोरं खोळंबलीत."

"मग त्यांनाही ऐकू दे."

तो हसला. काय करणार होता? मी कमरेला चावी खोचून पुढे जाऊन बसले. पोरं कुरकुरली, मग कुरकुरून दमली, मग बसली. जावेला कोणीतरी जाऊन कारण सांगितलं असावं, कारण तिने त्या दिवशी असे धवले काढले जे मी माझ्या लग्नानंतर ऐकले नव्हते. नवरीच्या मावशीला, आत्याला, पाण्याला, पाट्याला, हळकुंडाला, कोणाला सोडलं नाही. एक माझ्या गाडीवरही घातला, तिथल्या तिथे रचून. बायका इतक्या हसल्या की नवरीच्या नाकावर हळद गेली.

संपल्यावर मी कमरेची चावी काढून मुलाच्या हातात दिली. गल्लीत जाऊन त्याने वायर जोडल्या. मी उभी राहून बघितलं, लाल आधी लावतो की नाही ते. माझी गाडी गुरगुरत राहिली आणि टेम्पो खाकरून जागा झाला. पोरं ओरडली. डीजेवाला माझ्या पाया पडायला आला, मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी दिवे बंद कर.

मुलाने वायर गुंडाळल्या आणि चावी सवयीने स्वतःच्या खिशात टाकली. मी तळहात पुढे केला. त्याने बघितलं, खिशात हात घातला आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

"बरं," तो म्हणाला. "पण मग माझी गाडी लावायची कुठे?"

मी तोंड उघडण्याआधी मागून जाऊ आली, हळदीने पिवळीधमक.

"लाल मोरीकडं," ती म्हणाली, "आन काला रस्त्यावर. आता चल, नाचाया."